चाळिसातलं एक

सोलापुरातली गड्ड्याची जत्रा उठून आठवडा झाला होता. होम मैदानावरचे पाळणे उतरवून ट्रकांत भरले गेले होते, थंडीचा मुक्काम मात्र अजून हलला नव्हता. रविवारी पहाटे भाच्याच्या मोटारसायकलवर मागे बसून नान्नजच्या माळाकडे निघालो. त्याला भोवत्यांचे, म्हणजे माळावर घिरट्या घालणाऱ्या शिकारी पाखरांचे, फोटो हवे होते. मला काहीच नको होतं. निवृत्त माणूस रविवारी कुठेतरी जातो, त्यातलंच माझं जाणं. मार्डीच्या अलीकडे, हुरड्यात आलेल्या ज्वारीला लागून, एका पडीक रानात धनगरांचा वाडा बसला होता. लेंड्यांचा उबट वास आणि ओल्या बाभळीचा धूर एकमेकांत मिसळून रस्त्यापर्यंत येत होता. भाच्याने गाडी थांबवली ती चहाच्या आशेने. वाघरीच्या जाळ्यात मेंढरं अजून अंग चिकटवून बसलेली, एकाच मोठ्या घोंगडीसारखी. चुलीपाशी थंड पेयाची एक जुनी बाटली आडवी पडली होती, तोंडाला रबरी निपल लावलेली. आतलं दूध मातीत झिरपलं होतं आणि तिथे मुंग्यांची रांग लागली होती. शेजारी एक म्हातारी गुडघ्यांभोवती हात बांधून बसली होती. सगळे तिला आक्का म्हणत होते, म्हणून मीही म्हणालो.

आदल्या संध्याकाळी लांडग्याने एक कोकरू नेलं होतं. दिवस बुडायच्या वेळी, चूल पेटलेली असताना, माणसांच्या देखत. दोन कुत्री होती, ती भुंकली तेव्हा तो ज्वारीत शिरलासुद्धा होता. हे सगळं तिच्या सुनेने सांगितलं. आक्का गप्प होती. मी शिक्षक होतो हे कळल्यावर मात्र ती माझ्याकडे वळली.

"आवं गुरुजी, चाळीस कोकरं हुती. चाळीस! त्यातलं ह्येच कसं गावलं त्येला?"

मी एकतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. उत्तर तोंडात तयारच होतं. म्हणालो, "आक्का, शिकारी प्राणी अशक्त जनावर हेरतो. आजारी असेल, लंगडत असेल." तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की हा माणूस पोरांना काय शिकवत असेल! "आशक्त? सगळ्यात गुबगुबीत हुतं ते. टणाटणा उड्या मारायचं." मग मला दिसलं, की काळ्या दख्खनी मेंढरांत दोन पांढरी-तपकिरी माडग्याळ कोकरं आहेत, त्या पोपटनाक्या जातीची, आणि मी घाईने दुसरं उत्तर काढलं: वेगळ्या रंगाचं असेल, नजरेत भरलं असेल. "माडग्याळ दोनच हायती, ती बगा तिथं. काळंच न्हेलं. बाकीच्यावानीच काळं." सुनेने चहा दिला. भाचा नुकसानभरपाईचं विचारत होता. मेलेलं जनावर जागेवर पाहिजे, पंचनामा पाहिजे, आणि इथे तर लांडग्याने काही मागे ठेवलंच नव्हतं. आक्काला त्यात रस नव्हता. उठताना ती एवढंच म्हणाली, "त्यो पोटासाठी फिरतोय, ते कळतंय मला. ह्येच का न्हेलं, ते सांगा."

भोवते दिसले. राखी रंगाचा एक नर गवताच्या टोकांना पोट लावल्यासारखा तरंगत गेला, वळला, परत आला. मध्य आशियातून हिवाळ्यापुरती येणारी ही पाखरं आमच्या माळावरच्या नाकतोड्यांवर जगतात आणि रात्री गवतातच जमिनीवर झोपतात. एरवी मी हे भाच्याला तीनदा सांगितलं असतं. त्या दिवशी घरी येईपर्यंत काही बोललो नाही.

आमचं घर पूर्व भागात, अशोक चौकाच्या मागे. पॉवरलूमची खटखट रात्री थांबली की आम्हाला जाग येते, अशी इथली झोप. त्या रात्री ट्यूबलाइटखाली कॉट ओढून पडलो होतो आणि वर पाल आपल्या कामाला लागली होती. तिला मी वर्षानुवर्षं पाहतोय (तीच असेल असं नाही, पण जागा तीच). नळीच्या खाली दहा-बारा किडे बसलेले. तिच्या नाकापासून चार बोटांवर एक लठ्ठ पतंग पंख मिटून चिकटलेला, एका जिभेत घास. तिने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. हातभर अंतरावर एक हिरवा चिल्लटासारखा किडा भिंतीवरून दोन पावलं चालला, थांबला. पालीचं डोकं वळलं. शेपटीचं टोक, फक्त टोक, वळवळायला लागलं. किडा परत दोन पावलं चालला आणि संपला. पतंग सकाळपर्यंत तिथेच होता, मी उठल्यावर पाहिला. बेडकाचंही असंच. पुढ्यात मेलेल्या माश्यांचा ढीग ठेवला तरी तो उपाशी मरेल, कारण हलत नाही ते त्याच्या लेखी अन्नच नाही. शास्त्रज्ञांनी त्याच्या डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसांचे संदेश मोजून १९५९ साली हे दाखवलं. म्हणजे निवड वगैरे आपण म्हणतो. पाल निवडत नव्हती, जे हललं त्याच्याकडे ओढली जात होती.

आणि 'पोटासाठी' हेही वाटतं तितकं सरळ नाही. आमच्याकडे एक मांजरी होती. बायको तिला दूध-भाकरी घालायची, वर शेजारच्या खानावळीतून मासळीची डोकी यायची. खाऊन ती तट्ट व्हायची आणि तासाभरात दारात खार आणून ठेवायची, अंगावर दाताची एक खूण, बाकी अख्खी. बायको म्हणायची, "खायची नसेल तर मारतेस कशाला गं?" आणि मांजरी तिच्याकडे असं बघायची, की प्रश्नच कळला नाही. तो खरंच तिच्यापुरता नव्हता. मांजराच्या भुकेची दोरी एक आणि शिकारीची दुसरी. १९७६ सालच्या एका प्रयोगात मांजरांपुढे त्यांचं आवडतं खाणं ठेवलं आणि खाता खाता उंदीर सोडला. मांजरं ताटावरून उठली, उंदीर मारला, आणि परत येऊन ताटातलंच खायला लागली. दहा झडपांतल्या बऱ्याचशा वाया जाणार असतील, तर भूक लागल्यावर शिकारीला निघणारं मांजर फार दिवस टिकलं नसतं. भूक लागायच्या आधीच हात चालले पाहिजेत. शिवाय मांजराला दुसरा धंदाच येत नाही. टॉरीन नावाचं द्रव्य त्याचं शरीर पुरेसं बनवू शकत नाही, ते दुसऱ्याच्या मांसातूनच घ्यावं लागतं. गोडाची चव ओळखणारं त्याचं जनुकही मोडकं आहे, हे २००५ साली कळलं. आमच्या मांजरीने पेढ्याला कधी तोंड लावलं नाही, त्यावर बायको तिला सोवळी म्हणायची.

पण लांडगा म्हणजे पाल नव्हे, आणि मांजरही नव्हे.

नान्नजच्या मनोऱ्यावरून मी एकदा पाहिलेलं दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. सात-आठ वर्षं झाली असतील. माळढोकाच्या नावाने १९७९ साली राखलेलं हे अभयारण्य. माळढोक दिसला तर आता पेपरात बातमी येते, काळवीट मात्र कळपांनी. त्या सकाळी तीसेक काळवीट चरत होते आणि त्यांच्या कडेकडेने दोन लांडगे चालले होते. पळत नव्हते, दबकत नव्हते. बाजारात भाजी न घेता नुसतं भाव विचारत फिरावं, तसे. काळवीट माना वर करून बघत होते, इतकंच. एक नर तर लांडग्यांच्या दिशेने चार पावलं पुढे आला. मग धाकट्या लांडग्याने मध्येच एक धाव घेतली, पन्नास-साठ पावलांची, आणि कळप उधळला. दोन-तीन माद्या चारही पाय एकदम उचलून उभ्याच्या उभ्या उसळल्या, जणू माळ तापला होता. लांडगा थांबला, बघत उभा राहिला, मग दोघंही ओढ्याकडे उतरून गेले. माझ्या शेजारचा माणूस हिरमुसला, "काहीच झालं नाही." तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं.

झालं होतं ते हे, की परीक्षा घेऊन झाली होती आणि सगळे पास होते. अमेरिकेत सुपीरियर नावाच्या सरोवरात आइल रॉयल नावाचं बेट आहे. तिथल्या लांडग्यांचा आणि मूस नावाच्या घोड्याएवढ्या हरणांचा अभ्यास १९५८ पासून चालू आहे. सुरुवातीच्या वर्षांत डेव्हिड मेक हा तरुण अभ्यासक हिवाळ्यात लहान विमानातून बर्फावरच्या लांडग्यांचा माग काढत हिंडायचा. त्याने जे पाहिलं ते आपल्या कल्पनेतल्या लांडग्याला शोभणारं नाही. लांडग्यांनी ज्या मूसना पारखून पाहिलं, त्यांच्यातले शंभरात जेमतेम आठ मारले गेले. बाकीचे पळून सुटले, किंवा पळालेच नाहीत. जागेवर पाय रोवून उभ्या राहिलेल्या मूससमोर लांडगे थोडा वेळ घुटमळायचे आणि चालायला लागायचे. मारलेल्यांची हाडं गोळा केली तेव्हा त्यांत वासरं आणि म्हातारे जास्त निघाले, काहींचे सांधे संधिवाताने खडबडीत झालेले. वरून पाहणाऱ्याला ते जनावर ठणठणीत दिसलं असतं. लांडग्याला पन्नास पावलांच्या धावेत काय ते कळलं. आणि ती काळवीट मादी उसळली, तेही उगाच नव्हतं. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत रानकुत्र्यांच्या शिकारी पाहणाऱ्यांनी १९८८ मध्ये लिहिलं, की कुत्री पाठलागासाठी कमी उसळणाऱ्या हरणांना निवडतात. उसळणं म्हणजे लांबूनच सांगणं: माझ्यामागे लागू नकोस, तुझाच दम जाईल.

हे सगळं मला पाठ होतं. पण याला धरून आक्काचं गुबगुबीत, उड्या मारणारं कोकरू सुटायला हवं होतं. तिने माझी दोन्ही उत्तरं मोडली होती आणि तिसरं माझ्याकडे नव्हतं.

खरं सांगायचं तर कोकरासाठी माझी झोप उडाली नव्हती. काही महिन्यांपूर्वी नवी पेठेत शर्टाचं कापड घ्यायला गेलो होतो. काउंटरमागच्या, कपाळावरून केस मागे हटलेल्या गृहस्थाने पाया पडायला वाकावं तसं केलं आणि हसत म्हणाला, "सर, ओळखलं नाही ना? नववी ब. तुम्ही दर तासाला मलाच का उठवायचात?" मीही हसलो. म्हणालो, "अरे, मी तर सगळ्यांनाच उठवायचो." त्याने कापड कापलं, दहा टक्के कमी लावले, पिशवी नीट दुमडून दिली. रिक्षात बसल्यावर आठवलं, की मी सगळ्यांना उठवत नव्हतो. बासष्ट मुलांवरून नजर फिरवताना माझी नजर कुठेतरी अडायची. काही पोरं सरळ डोळ्याला डोळा भिडवायची. त्यांना विचारण्यात अर्थ नसे, त्यांना येत असायचं, किंवा येत नसलं तरी ती हजरजबाबीपणे काहीतरी ठोकून द्यायची आणि वर्ग माझ्यावर हसायचा. हा मुलगा मात्र माझी नजर त्याच्या रांगेत पोचायच्या क्षणभर आधी पुस्तकाचं पान उलटायचा. बस, एवढंच. पान उलटल्याचा आवाजसुद्धा होत नसेल. मी म्हणायचो, "हं, तू, ऊठ." आणि तो उठला की वर्ग पाच मिनिटं चिडीचूप व्हायचा. मला ती शांतता हवी असायची. उत्तर नको असायचं.

त्याला मी कधी वाईट म्हणालो नाही, हे स्वतःला सांगून पाहिलं. रिक्षा कन्ना चौकात अडकली होती आणि मीटर पळत होता.

त्या आठवड्यात मी जुनी पुस्तकं काढली, भाच्याच्या मोबाइलवर काहीबाही वाचलं. विल्यम हॅमिल्टन नावाच्या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने १९७१ साली एक गोष्ट कल्पिली आहे. एक गोल तळं, काठावर बेडूक बसलेले, आणि दिवसातून एकदा पाण्यातून वर येणारा साप. तो कुठूनही डोकं काढतो आणि सगळ्यांत जवळचा बेडूक उचलतो. हे ठाऊक असलेला बेडूक काय करेल? उडी मारून दोन बेडकांच्या मधे घुसेल, म्हणजे साप आला तर शेजाऱ्याच्या जास्त जवळ. मग शेजारीही तेच करणार. थोड्या वेळात काठावर बेडकांचे ढीग दिसतील आणि प्रत्येकाला वाटेल की आपण मधे आहोत. यात कुणी दुबळा नाही, कुणी लंगडा नाही. २०१२ साली काही जणांनी मेंढरांच्या पाठीवर जीपीएसची यंत्रं बांधून कळपावर कुत्रा सोडला, तेव्हा मेंढरांनी अगदी हेच केलं, प्रत्येक जण कळपाच्या पोटात शिरायला धावला. निळ्या माशांचा एक प्रयोगही सापडला, १९८६ चा. चंदेरी माशांच्या थव्यात शिकारी मासा गोंधळतो, एकावर नजर ठरवेपर्यंत दुसरा समोर येतो. आठांतले एक-दोन निळे रंगवले की त्याचा गोंधळ मिटतो. यातली मला चटका लावून गेलेली गोष्ट अशी, की निळ्यांबरोबर त्यांच्या शेजारचे चंदेरीही जास्त पकडले गेले. संगतीची शिक्षा! पण निळं काय, हा प्रश्न उरलाच. चाळीस काळ्या कोकरांत ते एक काळं कुठल्या बाबतीत निळं होतं?

पुढच्या रविवारी भाचा यायला तयार नव्हता. मी एसटीने गेलो, फाट्यावर उतरून चालत. वाडा दोन रानं पुढे सरकला होता. शेतकरी खतासाठी मेंढरं बसवून घेतात, तीन रात्री इथे, चार तिथे. पोचायला उशीर झाला आणि आक्काच्या सुनेने जेवल्याशिवाय सोडलं नाही. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर कच्चं तेल. परतीची गाडी सहाची होती, तीही चुकली, म्हणून संध्याकाळी मी तिथे होतो.

मी जन्मभर सोलापुरात राहिलो आणि हे पाहिलं नव्हतं. दिवसभर कोकरं वाड्यावर, जाळीत कोंडलेली, आणि आया रानात चरायला. सूर्य कलला तशी लांबून धूळ दिसली आणि त्याबरोबर कोकरांनी एकच आकांत मांडला. मेंढरांनी तिकडून उत्तर दिलं. प्रत्येक आईचा आवाज वेगळा आणि प्रत्येक कोकराला तो ठाऊक. कळप पन्नास पावलांवर आला आणि सुनेने जाळी उचलली. इतकीशी काळी पोरं चेंडूंसारखी उसळत सुटली, आयांच्या पायांत शिरली, चुकीच्या आईने ढुशी मारली की दुसरीकडे, आणि पाच मिनिटांत तो सगळा गोंगाट थांबून फक्त चोखण्याचा आवाज उरला. शेपट्या पंख्यासारख्या फिरत होत्या.

"ह्याच टायमाला आला," आक्का माझ्यामागून म्हणाली.

मी वळून पाहिलं. ती कळपाजवळ नव्हती. चुलीपाशी, ज्वारीच्या बांधाला लागून उभी होती, हातात तीच बाटली. गोंधळ निवल्यावर एक कोकरू सगळ्यांत शेवटी जाळीतून निघालं. कुठल्याच आईकडे न बघता ते आक्काच्या दिशेने एकटं, उघड्या रानातून, तीसेक पावलं टुणटुण उड्या मारत आलं. आक्का खाली बसली. त्याने बाटलीला ढुशी दिली आणि गुडघे टेकून प्यायला लागलं.

"ह्येची बी आय मेली, परवा इताना," ती म्हणाली. "त्येची बी तशीच. दीड म्हैना शेळीचं दूध पाजलं त्येला मी. आयच्या दुधावरल्यापरीस गुबगुबीत हुतं." बाटली तिने किंचित तिरकी केली, बुडबुडे वर गेले. "तवा सांगा गुरुजी, तुमी पुस्तकात बगतो म्हनला हुतात. ह्येच का न्हेलं?"

एकोणचाळीस त्या बाजूला गेली होती आणि एक या बाजूला. मी बांधाकडे पाहिलं. तिच्यापासून ज्वारी दहा पावलंसुद्धा नव्हती.

"नाही सापडलं, आक्का," मी म्हणालो. "लांडग्याचं काय सांगता येतंय."

"काय की बाबा," ती म्हणाली. कोकराचं पोट टम्म झालं तरी ते बाटली सोडत नव्हतं. मी थोडा वेळ तसाच उभा राहिलो, मग तिला म्हणालो, की उद्यापासून दूध तिकडे, कळपापाशी बसून पाजत जा, इथे चुलीचा धूर कोकराच्या डोळ्यांत जातो. तिने धुराकडे पाहिलं. वारा दुसऱ्या बाजूचा होता, धूर ज्वारीकडे चालला होता. ती काही बोलली नाही. उठली, एका हाताने कमरेला आधार देत, आणि बाटली समोर धरून कळपाकडे चालायला लागली. कोकरू तिच्या मागे.